काजळीचा आवाज

तुपाच्या निरांजनावर पितळेची ताटली उपडी धरायची, तिच्या पोटाला जमलेली मऊ काजळी बोटानं खरवडून घ्यायची, ती तुपात खलायची, की झालं काजळ. मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या हे असंच चालत आलं. ही काजळी डोळ्यांत घालायची असते, दृष्ट काढायला गालावर लावायची असते, हे आपल्याला ठाऊक होतं. तिच्यातून आवाज काढता येतो, हे मात्र कळलं अमेरिकेत, १८८०च्या आसपास, टेलिफोनमुळे तेव्हा नुकतेच जगप्रसिद्ध झालेल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना.

बेल त्या वेळी सूर्यप्रकाशावरून बोलणं पाठवायच्या मागे लागले होते. तार नाही, खांब नाहीत, नुसता एक उन्हाचा झोत. जून १८८०मध्ये त्यांचे सहकारी चार्ल्स टेंटर वॉशिंग्टनच्या फ्रँकलिन स्कूलच्या गच्चीवर उभे राहिले आणि सुमारे २१३ मीटरवरच्या बेल यांच्या प्रयोगशाळेत त्यांचा आवाज उन्हावर बसून पोचला. बेल यांना हा शोध टेलिफोनपेक्षाही मोठा वाटत असे. पण आपली गोष्ट सुरू होते ती त्याच खटाटोपात त्यांच्या हाती लागलेल्या एका आडबाजूच्या निरीक्षणापासून. भोकं पाडलेलं चाक फिरवून त्यांनी ऊन तुकड्यातुकड्यांनी एका पातळ चकतीवर पाडलं. चकतीला कान लावला, तर ती चकती स्वतःच सूर धरत होती. रबर, लाकूड, कागद, सगळ्यांतून आवाज. पांढऱ्यापेक्षा गडद वस्तूंतून जास्त. आणि सगळ्यांत मोठा आवाज निघाला काजळीतून.

कारण समजायला सोपं आहे. काळी वस्तू प्रकाश पिते. पिते म्हणजे त्याची ऊब करते. ऊब आली की वस्तू आणि तिला चिकटलेली हवा कणभर फुगते, प्रकाश अडला की पुन्हा आकसते. सेकंदाला शेकडो वेळा फुगणं आणि आकसणं, म्हणजेच आवाज. जितकं जास्त काळं, तितकं जास्त पिणं, तितका मोठा सूर.

हे घरी करून पाहता येतं, आणि एकदा तरी पाहावंच. काचेच्या बरणीच्या आतल्या अर्ध्या भागाला मेणबत्तीची काजळी धरवायची, अर्धी काच स्वच्छ ठेवायची. पत्र्याच्या झाकणाला एक बारीक भोक पाडायचं. जुन्या पद्धतीचा, तार तापणारा मोठ्या वॅटचा बल्ब स्वच्छ बाजूजवळ लावायचा, खोलीतला पंखा बंद करायचा आणि भोकाला कान द्यायचा. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० फेरे घेते, त्यामुळे बल्बचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही. पण बरणीतली काजळी ते पकडते आणि एक अगदी हलका, खर्जातला गुंजारव कानाशी येतो. उजेडाचा आवाज.

बेल यांच्या मागोमाग १८८१मध्ये जॉन टिंडल आणि विल्हेल्म राँटगेन यांनी वायूंवर हेच प्रयोग केले. हे तेच राँटगेन, ज्यांनी पुढे चौदा वर्षांनी क्ष-किरण शोधले. शरीराच्या आत पाहण्याच्या दोन वेगवेगळ्या वाटांवर एकाच माणसाचं पाऊल पडलं होतं. त्यांतली एक वाट लगेच हमरस्ता झाली. दुसरी शंभर वर्षं तशीच पडून राहिली, कारण तिच्यावरून चालायला लागणारी साधनंच तेव्हा नव्हती.

*

शरीरात काजळी कुठे असते? तशी कुठेच नाही. पण काजळीसारखी प्रकाश पिणारी एक गोष्ट प्रत्येकाच्या शरीरात भरभरून आहे. ती म्हणजे रक्त. रक्तातलं हिमोग्लोबिन आजूबाजूच्या मांसापेक्षा कितीतरी अधिक प्रकाश शोषतं. म्हणजे शरीरावर प्रकाशाचे ठोके दिले, तर सगळ्यांत मोठ्यानं ओ देईल ती रक्तवाहिनी. तिला रंग लावावा लागत नाही, सुई टोचून कसलं औषध सोडावं लागत नाही. जिथे रक्त, तिथून आवाज.

पण प्रकाश आत जातो का? लहानपणी दिवे गेल्यावर आपण सगळ्यांनीच बॅटरीवर तळहात धरला आहे. हात लालभडक पेटतो. म्हणजे प्रकाश आरपार येतो, यात शंका नाही. पण त्या लालीत हाड दिसतं का? शिरांच्या पुसट छटा सोडल्या तर काहीच दिसत नाही. प्रकाश आत शिरतो आणि मिलिमीटरभर गेला न गेला की पेशींना आपटून वाट चुकतो. तो कुठून आला, कशाला भेटून आला, हे बाहेर पडेपर्यंत पार पुसून गेलेलं असतं.

पावसाळ्यात घाटात धुकं दाटलं की हेच होतं. समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे म्हणजे नुसता एक पांढरा फराटा. ट्रक किती लांब आहे, कोणत्या बाजूला आहे, काही कळत नाही. पण त्याचा हॉर्न स्वच्छ ऐकू येतो आणि ड्रायव्हर त्या अंदाजानं गाडी कडेला घेतो. धुकं उजेडाला फसवतं, आवाजाला फसवत नाही. शरीराच्या मांसातही तसंच आहे. श्राव्यातीत ध्वनी, म्हणजे सोनोग्राफीचा आवाज, प्रकाशाच्या मानानं शेकडो पटींनी कमी विखुरतो. म्हणून युक्ती अशी की जाताना प्रकाश पाठवायचा आणि येताना आवाज घ्यायचा. प्रकाशानं आत शिरून भरकटावं, हरकत नाही, रक्तापर्यंत पोचला की त्याचं काम झालं. परतीचा रस्ता आवाज सरळ धरतो. या तंत्राला फोटोअकूस्टिक इमेजिंग म्हणतात, मराठीत प्रकाश-ध्वनी चित्रण म्हणता येईल. मला त्याच्याविषयी सगळ्यांत मोठं नवल वाटतं ते या वाटणीचं. प्रकाशाला रंग ओळखता येतो, पण खोलवरची जागा सांगता येत नाही. आवाजाला जागा सांगता येते, पण रंग कळत नाही. दोघांचं बळ इथे जोडून घेतलं आहे.

आता आकडे पाहा, म्हणजे हे किती नाजूक आहे ते कळेल. लेसरचा एक ठोका काही नॅनोसेकंदांचा असतो. एका नॅनोसेकंदात प्रकाश जेमतेम शाळेतल्या फूटपट्टीएवढं अंतर कापतो. इतक्या झटक्यात ऊब दिली की तिला आजूबाजूला पसरायला वेळच मिळत नाही, ती रक्तवाहिनीतच कोंडते. वाढ किती? एका अंशाच्या हजाराव्या भागाएवढी. ताप मोजायच्या कुठल्याही घरगुती थर्मामीटरला ती दिसणार नाही, रोग्याला जाणवायचा प्रश्नच नाही. पण तेवढ्या उबेनं ऊतीमध्ये सुमारे ८०० पास्कलचा दाब उठतो, म्हणजे आपल्या भोवतीच्या हवेच्या दाबाच्या साधारण सव्वाशेवा भाग. संवेदकाच्या दृष्टीनं ही चांगली खणखणीत हाक आहे.

आणि हाक किती खोलवरून आली, हे आपण पडवीत बसून विजेचं अंतर मोजतो तसंच मोजायचं. वीज चमकली की आकडे म्हणायला लागायचं, गडगडाट ऐकू आला की थांबायचं, तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. खरं तर इथे नुसतं साम्य नाही, नातंच आहे. वीज हवेला एकाएकी तापवते, हवा फुगते, त्याचाच गडगडाट होतो. शरीरात फक्त मापं बदलतात. मांसात ध्वनी सेकंदाच्या दशलक्षाव्या भागात दीड मिलिमीटर जातो. लेसरच्या ठोक्यानंतर असे दोन भाग गेल्यावर आवाज आला, तर रक्तवाहिनी तीन मिलिमीटर खोल. असे हजारो ठोके, हजारो आवाज, आणि संगणक त्यांतून चित्र उभं करतो. २००३ साली लिहाँग वांग यांच्या गटानं एका जिवंत उंदराच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचं चित्र असंच काढलं. कवटी न उघडता, कातडी न कापता. उंदराच्या मिशा हलवल्या की मेंदूचा कोणता भाग जागा होतो, हेही त्यात दिसलं.

*

रक्तवाहिन्या दाखवणारं हे तंत्र जिथे फार उपयोगी पडू शकेल, अशी एक जागा म्हणजे मोठ्या आतड्याचा कॅन्सर.

हा आजार लहान नाही. २०२२च्या जागतिक अंदाजानुसार वर्षाला १९ लाखांहून अधिक माणसांना मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कॅन्सर होतो आणि सुमारे ९ लाख त्यानं दगावतात. मृत्यूंच्या हिशेबात सगळ्या कॅन्सरांत त्याचा क्रमांक दुसरा लागतो. तो शोधायचं आजचं मुख्य साधन म्हणजे कोलोनोस्कोपी, आपण ज्याला ‘दुर्बीण घालणं’ म्हणतो ते. ती उत्तम आहे. तिच्यातून आतड्याचं अस्तर दिसतं, कोंब दिसला तर तिथल्या तिथे काढता येतो, संशय आला तर तुकडा तपासायला पाठवता येतो. पण दुर्बीण शेवटी डोळाच आहे. डोळ्याला पृष्ठभाग दिसतो, भिंतीच्या आत काय चाललंय ते दिसत नाही.

ही भिंत काही मिलिमीटर जाडीची, पण एकसंध नाही. आजीच्या गोधडीसारखे तिचे थर असतात. सगळ्यांत आत मऊ अस्तर, त्याच्याखाली आधार देणारा थर, त्याच्याखाली स्नायू. अस्तराखालच्या त्या आधाराच्या थरात बारीक रक्तवाहिन्यांची दाट जाळी पसरलेली असते, गोधडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेल्या धावदोऱ्यासारखी. निरोगी आतड्याचं प्रकाश-ध्वनी चित्र पाहिलं तर हा दोरा अस्तराखाली एक अखंड उजळ रेघ होऊन उमटतो. आणि गाठ झाली की तीच रेघ तुटते.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. गाठीला वाढायला रक्त लागतं. ज्युडा फोकमन यांनी १९७१ साली मांडलं की नव्या रक्तवाहिन्या ओढून घेतल्याशिवाय गाठ काही मिलिमीटरांपलीकडे जाऊ शकत नाही, आणि पुढे ते मानलं गेलं. मग कोणालाही वाटेल की कॅन्सरच्या जागी हे चित्र अधिकच उजळ दिसत असेल. तसं होत नाही. आवाज पृष्ठभागापाशी येतो, पण खालची ती शिस्तीतली रेघ नाहीशी झालेली असते. गाठीनं गोळा केलेल्या वाहिन्या वेड्यावाकड्या असतात, आणि मूळच्या थराची मांडणी तिनं पोखरून टाकलेली असते. म्हणजे इथे वैद्य रक्त किती आहे हे पाहत नसतो. रक्त आपापल्या जागी, रांगेत आहे की नाही, हे पाहत असतो.

आणि ही गोष्ट सगळ्यांत मोलाची ठरते ती आजार सापडल्यावर, एका विलक्षण अवघड वळणावर.

गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये पुष्कळदा आधी किमोथेरपी आणि किरणोपचार देतात. किरणोपचारांना रोगी आणि नातेवाईक नुसतं ‘शेक’ म्हणतात. गाठ लहान झाली की मग ऑपरेशन. गाठ फार खाली असली तर गुदद्वारासकट तो भाग काढावा लागतो आणि पोटावर कायमची पिशवी येते. जीव वाचतो, पण उठणं-बसणं, प्रवास, लग्नसमारंभ, सगळं त्या पिशवीभोवती फिरायला लागतं. ज्यांच्या घरात हे झालं आहे, त्यांना मी अधिक सांगायला नको. आणि याच रोग्यांमधल्या काही जणांचा काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्यात कॅन्सरची एकही पेशी सापडत नाही. साध्या उपचारक्रमात शंभरातल्या पंधरा-वीस जणांच्या बाबतीत असं होतं. शेक आणि औषधांनीच काम पुरं केलेलं असतं.

ब्राझीलच्या साओ पाउलो शहरातल्या सर्जन अँजेलिता हाब्र-गामा यांना हे सलत होतं. १९९१पासून त्यांनी धाडस केलं. तपासणीत गाठ पूर्ण विरली आहे असं वाटलं, तर ऑपरेशन करायचं नाही, डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. २००४ साली त्यांनी आपले निकाल प्रसिद्ध केले. २६५ रोग्यांपैकी ७१ जणांना त्यांनी असं बिनऑपरेशनचं ठेवलं होतं. जगभरच्या सर्जननी भुवया उंचावल्या. आज ती पद्धत अनेक देशांत मान्य झाली आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरच्या पुढाकारानं ३२४ रोग्यांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, किमोथेरपी आणि शेक दोन्ही आधीच पुरतं देऊन आणि गाठ विरली असेल तिथे असं थांबल्यावर, एकूण जवळपास निम्म्या जणांचा गुदाशय तीन वर्षांनीही शाबूत होता.

पण ‘गाठ विरली’ हे ठरवायचं कसं? शेकानंतर तिथे व्रण उरतो. बोटानं चाचपून, दुर्बिणीतून पाहून, एमआरआय काढून डॉक्टर अंदाज बांधतात. एमआरआयमध्ये व्रण आणि व्रणात दडलेल्या चार कॅन्सरपेशी पुष्कळदा सारख्याच दिसतात. थांबलेल्या ८८० रोग्यांची माहिती १५ देशांतून गोळा करून २०१८ साली मांडली गेली, तेव्हा दिसलं की दोन वर्षांत साधारण चौघांतल्या एकाची गाठ पुन्हा उगवते. आणि उगवते ती १००पैकी ९७ वेळा कुठे? आतड्याच्या भिंतीतच. म्हणजे त्याच काही मिलिमीटरांत.

अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात क्विंग झू आणि त्यांचे सहकारी, तिथल्या सर्जन मंडळींना सोबत घेऊन, याच मिलिमीटरांवर कान लावून बसले आहेत. सुरुवात त्यांनी ऑपरेशनमध्ये काढलेल्या आतड्यांच्या तुकड्यांवर केली. मग बोटासारखी एक सळई बनवली. तिच्या टोकाशी प्रकाश आणणारा तंतू आणि ध्वनी टिपणारा संवेदक. ती गुदाशयात जाते, टोक गोल फिरतं आणि भिंतीचा काप पडद्यावर उमटतो. त्याच फेरीत साधी सोनोग्राफीही होते, म्हणजे सोनोग्राफीनं थर कुठले ते कळतं आणि प्रकाश-ध्वनीनं त्या थरांतलं रक्त. रेघ अखंड आहे की तुटकी, हे ओळखायला त्यांनी संगणकालाही शिकवलं. २०२१ साली ‘रेडिऑलॉजी’ या नियतकालिकात त्यांनी हे मांडलं.  प्रकाश-ध्वनी चित्रांवर शिकलेला संगणक सोनोग्राफीच्या चित्रांवर शिकलेल्या संगणकापेक्षा सरस ठरला.

आणि त्या चित्रांतली गोष्ट मला विलक्षण वाटते. जिथे गाठ खरोखर संपली होती, तिथे अस्तराखालची ती उजळ रेघ पुन्हा उमटली होती. शरीरानं उसवलेला धावदोरा पुन्हा भरून घेतला होता. जिथे कॅन्सर उरला होता, तिथे तो तुटलेलाच होता. कॅन्सरच्या तपासण्या बहुतेक वेळा वाईट गोष्ट शोधत असतात. ही तपासणी बरं होण्याची खूण शोधते. आणि ती खूण खात्रीची निघाली, तर एका माणसाच्या पोटावरची पिशवी टळते.

याच तंत्रातून आणखीही एक गोष्ट मिळू शकते. ऑक्सिजन भरलेलं रक्त लालभडक असतं, ऑक्सिजन देऊन बसलेलं काळपट. रंग वेगळा, म्हणजे प्रकाश पिण्याची तऱ्हा वेगळी. दोन-तीन रंगांचे लेसर वापरले तर कुठल्या वाहिनीत ऑक्सिजन किती, हेही कळतं. करोनाच्या काळात घरोघरी बोटाला लावलेला ऑक्सिमीटर याच फरकावर चालतो. तो अख्ख्या बोटाचा एक आकडा देतो. इथे त्याचा नकाशा काढता येतो.

*

एवढं सांगून झाल्यावर दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. सेंट लुईसचे अभ्यास मोजक्या रोग्यांवरचे आहेत. शेकानंतर आतडं सुजलेलं असतं, सूजही रक्त ओढते. सळई आणि भिंत यांच्यामध्ये हवा राहिली तर आवाज तिथेच अडतो. सळई गुदाशयापर्यंत पोचते, वरच्या आतड्याच्या वळणांसाठी वेगळं, लवचीक साधन लागेल. अनेक रुग्णालयांत, वेगवेगळ्या हातांत, शेकडो रोग्यांवर हे उतरल्याशिवाय कुणा सर्जननं त्याच्या भरवशावर सुरी खाली ठेवू नये, आणि ते कुणी करतही नाही. ही तपासणी आज तुमच्या-माझ्या गावातल्या रुग्णालयात मिळत नाही. थांबायचं की कापायचं हा निर्णय आजही बोट, दुर्बीण आणि एमआरआय यांच्यावरच होतो.

शिवाय ती रेघ वाचायची वेळ यायला आधी आजार सापडायला लागतो, आणि आपल्याकडे तो सापडायला उशीर होतो तो एका शब्दामुळे. शौचाला रक्त पडलं की आपण ‘मूळव्याध’ म्हणून मोकळे होतो, मलम आणतो, तिखट बंद करतो आणि महिने घालवतो. मूळव्याध असेलही, बहुतेक वेळा असतेच. पण ती आहे हे डॉक्टरांनी तपासून सांगू द्या. रक्त पडत असेल, शौचाची सवय काही आठवडे बदललेली असेल, कारण नसताना वजन उतरत असेल किंवा रक्त कमी भरत असेल, तर संकोच बाजूला ठेवून दुर्बीण घालून घ्या. घरात आई-वडील किंवा भावंडं यांपैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल, तर काही त्रास नसतानाही डॉक्टरांना विचारा.